बर्फासाठी घेतलेला प्रोसेसर

नाही, पण मी म्हणतो, बारा काय कमी आहेत? सांगा ना तुम्हीच! बारा कोअर! एका प्रोसेसरच्या पोटात बारा कामकरी मान खाली घालून राबताहेत, आणि माझा मेहुणा रेजाँ मला सुनावतो, "दाजी, हात आखडता घेतलात. सोळाचा घ्यायचा होता." अरे, मला काय त्याच्यावर आमच्या थंडर बे गावचं अख्खं बंदर चालवायचंय? मला फक्त बर्फ पडताना दाखवायचा होता हो!

तुम्हाला सांगतो, सगळं आमच्या कोलेटपायी. कोलेट म्हणजे आमची बायको. वर उत्तरेला खाणीच्या वसाहतीत भटारखान्यात असते. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. रात्रभर दोनशे माणसांचे पाव भाजायचे आणि दुपारी झोपायचं... कुठे? तर एका डब्यासारख्या खोलीत, खिडकी नसलेल्या! मी म्हटलं, "अगं, तिकडे तर बर्फच बर्फ." तर म्हणाली, "आर्वो, इकडचा बर्फ आडवा येतो, थोबाडीत मारल्यासारखा. मला आपला हवा. सरळ, सावकाश पडणारा. तो पाहिला की मला झोप लागते." आता ही काय मोठी मागणी आहे? दागिना मागितला का तिनं? बर्फ मागितला!

तर मी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. कुणाला मारायचं नाही, कुणाला पळवायचं नाही, तळ्यावर होडी घालायची आणि वल्हवत राहायचं... धुकं येतं, एखादा पक्षी ओरडतो, देवदारांची सावली पाण्यात हलते... अहाहा! मी खेळायचं आणि नेटवरून लोकांनी बघायचं. लोक म्हणजे कोण? कोलेट, रेजाँ, केनोरा गावच्या मेव्हिसबाई, त्या विणत विणत बघतात, आणि काही अनोळखी मंडळी, जी बहुतेक पेंगत असावीत. सगळं छान चाललं होतं हो. आणि मग खेळात हिवाळा आला.

बर्फ पडायला लागला आणि चित्राचा पार चुथडा! चौकोन चौकोन! मेव्हिसबाईंनी लगेच लिहिलं, "आर्वो, हा बर्फ आहे की कुणी उशी फाडली?" आणि कोलेट? तिनं फक्त लिहिलं, "असू दे रे." आता नवरा-बायकोत 'असू दे रे'चा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

रेजाँनं समजावलं, "दाजी, ताईच्या तिकडचं नेट दोऱ्याएवढं बारीक. चित्र घडी घालून, दाबून पाठवावं लागतं. तळं नुसतं पडून असतं, त्याची घडी पटकन होते. पण बर्फाचा कण न् कण वेगळा हलतो. तुमचा कॉम्प्युटर खेळ चालवणार की घड्या घालणार? घड्या घालायला दुसरा कॉम्प्युटर आणा. आणि त्यात प्रोसेसर तगडा टाका."

झालं! इथून माझं डोकं गेलं. कोणता प्रोसेसर? आठवाला? बारावाला? सोळावाला? दुकानात गेलो, तर तिथला ऑरिन विचारतो, "खेळायला की दाखवायला?" म्हटलं, "दाखवायला." "मग खेळायचा घेऊ नका." म्हटलं, "बरं, दाखवायचा द्या." "काय दाखवणार?" म्हटलं, "बर्फ." तो माझ्याकडे बघतो, मग काचेबाहेर बघतो... बाहेर गुडघाभर बर्फ! "काका," म्हणाला, "घरी जाऊन नीट विचार करा." अरे विचार काय करायचा? मला फक्त बर्फ पडताना दाखवायचा होता हो!

मग मी मूर्खासारखं आमच्या बघणाऱ्यांना विचारलं. नका विचारू! जे कधी एक अक्षर लिहीत नव्हते, ते तलवारी उपसून उठले. एक म्हणे, कोअर मोजा. दुसरा म्हणे, कोअर काय चाटायचेत, वेग बघा. तिसरा म्हणे, आधी गरम किती होतो ते बघा, टेबलाखाली भट्टी लागेल. मेव्हिसबाई म्हणे, "भट्टी लागली तर बरंच की, पाय शेकतील." या भांडणात माझी होडी जाऊन खडकावर आपटली, कुणाचं लक्ष नाही!

मी सौनात, म्हणजे गावच्या वाफेच्या खोलीत, बसून तोच विचार करायचो. अंगावर वाफ, डोळे मिटलेले, आणि समोर काय दिसायचं माहितीये? पांढऱ्याशुभ्र चादरी... आणि त्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका, कधी आठ, कधी सोळा, कुणी बोलत नाही, नुसत्या चादरी हवेत उडताहेत आणि हळूच मिटताहेत... त्या शेवटच्या चादरीपलीकडे कोलेट झोपलेली. मी तिथेच पेंगलो असतो, शेजारच्यानं तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेचा चटका दिला म्हणून वाचलो.

शेवटी बाराचा घेतला. म्हणजे आठवाले नाराज आणि सोळावालेही नाराज! गॅरेजच्या नव्या दाराला ठेवलेले पैसे त्यात गेले, दार पुढच्या वर्षावर. रेजाँनं सगळं जोडून दिलं, कॅमेरा न् माइक नव्या कॉम्प्युटरच्या डब्याला लावले, लोकांचं लिहिलेलं वाचायला माझा जुना पडदाही त्यालाच जोडून बाजूला ठेवला, आणि वर एक शहाणपणा करून ठेवला. खेळ मधेच बंद पडला तर एरवी कोपऱ्यात चिमुकलं असणारं माझं कॅमेऱ्याचं चित्र आपोआप मोठं दिसायचं.

आणि पहिल्या दुपारी, तुम्हाला सांगतो, बर्फ पडला! कण न् कण सुटा! होडीच्या काठावर येऊन बसणारा, पाण्यात विरणारा... कोलेटनं लिहिलं, "आर्वो, दिसतोय." बस, दोनच शब्द. माझे डोळे भरून आले. मी खेळ आटोपला, कॉम्प्युटर बंद केला, समोर अंधार. संपलं, नाही का?

कुठलं संपतंय! खेळाचा कॉम्प्युटर बंद केला होता मी! दाखवायचा डबा टेबलाखाली चालूच! आणि इतका शांत, कारण मीच तो निवडून निवडून शांत घेतलेला! मी त्याच्यावर थाप मारली, म्हटलं, "शाबास रे पठ्ठ्या." मग खुर्ची मागे टाकली आणि... आता कुणापाशी बोलतोय मी? एकटाच ना? म्हटलं, "कोलेट, तू नसलीस की घर खायला उठतं गं. कॉफी मी अजून दोघांची करतो." फोनवर असलं कधी बोललो नाही हो! फोनवर आमचं काय, तर नळ गळतोय आणि अंडी संपली. बोललो, आणि झोपलो.

जागा झालो तर बाजूच्या जुन्या पडद्यावर लिहिणाऱ्यांची नुसती झुंबड! एवढी माणसं माझ्या होडीला कधी जमली नव्हती. मेव्हिसबाई सगळ्यांना दटावत होत्या, "हळू लिहा, त्याची झोप मोडेल." आणि खाली कोलेटचं, "आर्वो, बर्फ!"

बर्फ? खेळ तर बंद होता! मी वळून पाहिलं... माझ्या पाठीमागची खिडकी. आमचं अंगण, तिचं लाल बाकडं, आणि त्याच्यावर आमचा बर्फ, सरळ, सावकाश... इतके दिवस माझ्या पाठीशी पडत होता आणि मी प्रोसेसर शोधत होतो!

संध्याकाळी झोपून उठल्यावर तिनं फोन केला. आवाज ओला. "आर्वो, ऐकलं मी सगळं. किती दिवसांनी झोप लागली रे. आता रोज दुपारी हेच लाव, होडी नको." मी फुगलो! म्हटलं, बारा कोअर राबताहेत कुणाला दाखवायला? मला!

"फक्त एक कर," ती म्हणाली, "खुर्ची जरा बाजूला घे. अर्धी खिडकी तुझ्या डोक्यानं झाकते. तू नाही दिसलास तरी चालेल... घोरणं तेवढं येऊ दे."

सरकलो, काय करता!