मागितल्याबिगर

निशा : पाण्याची बाटली समोर ठेवली, तरी संस्कृती तिकडे बघतसुद्धा नाही. मागच्या वेळी माझा हात धरून बाटलीकडे ओढत होती.

सुरेखा : ते समदं बंद केलं मॅडम. हात वढायचा नाय, बोट दाखवायचं नाय. तुमीच म्हणले होते ना, मागितल्याबिगर द्यायचं नाय.

निशा : मी म्हणाले होते, लगेच देऊ नका, जरा थांबा.

मनकर्णाबाई : रडल्याबिगर आईबी पाजत नाय म्हणत्यात. माझ्या सुनंनं तर पोरगी रडली तरी पाजलं नाय.

सुरेखा : आत्या, तुमी नका बोलू. पाच वर्सं तिनं नुसतं बघितलं की तुमी हातात दिलं. नात लाडाची! तिला तोंड उघडायची गरजच पडू दिली नाय.

मनकर्णाबाई : लेकराला तहान लागली तर पाणी द्यावं, का परीक्षा घ्यावी?

निशा : आजी, एक मिनिट. सुरेखाताई, नेमकं काय केलंत?

सुरेखा : गिलास वर धरायचे. 'पाणी म्हण, मग देते.' तिनं बोट केलं की बोटावर चापट. हळूच.

मनकर्णाबाई : हळूच! मला वसरीवर आवाज यायचा.

सुरेखा : मग काय करू, आत्या? जूनमधी शाळंत टाकायची. गल्लीतली पोरं तिला मुकी म्हणून हाका मारतेत. जिभंला वेखंड लावून झालं, पोपटाचा उष्टा पेरू चारून झाला. मग फुलंब्रीहून हितं आले, बोलायला शिकवतेत म्हणून.

निशा : ताई, ते बोट म्हणजेच तिचं मागणं होतं. तिनं बोट दाखवलं की आपण 'पाणी' म्हणायचं, आणि द्यायचं. तिच्या तोंडून शब्द येवो, न येवो.

सुरेखा : असं सांगायचं ना मग! तुमी दारातच सांगितलं, दुसरं लेकरू आत घेता घेता. मी तेवढंच धरून बसले.

निशा : घाईत सांगितलं. माझं चुकलं.

सुरेखा : चूक तुमची, आन् लेकरू माझं.

मनकर्णाबाई : कालचं सांग की मॅडमला. का मी सांगू?

सुरेखा : काल... न्हाणीतल्या बादलीत तोंड घालून पाणी पीत व्हती. आमी समदे घरातच व्हतो. कुणाकडंच आली नाय मॅडम. माझ्याकडंबी नाय.

निशा : हा ग्लास घ्या. आज तिनं काही म्हणायचं नाही. तुम्ही 'पाणी' म्हणा, आणि द्या.

सुरेखा : संस्कृती... पाणी. घे माय, पाणी.

(संस्कृती ग्लासकडे बघते आणि दोन्ही हात पाठीमागे लपवते.)

मनकर्णाबाई : आण हिकडं. माझ्या हातानं पिईल ती.

सुरेखा : नका आत्या. पाया पडते तुमच्या. माझ्याच हातून पिऊ द्या.

निशा : घाई नाही. तिला वेळ लागेल.

मनकर्णाबाई : आगं, फुलंब्रीची गाडी जाईल.

सुरेखा : जाऊ द्या.

निशा : ताई, तुमचा हात भरून येईल.

सुरेखा : येऊ द्या मॅडम. तिनंबी लई वाट बघितली.