जवायानं दिलेला आऊट

माहं नाव वसंता. गाव जामच्या जवळच, बाप शेतकरी, अन् मी जामच्या चौरस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं, उभा जन्म तिथंच टायर खोलण्यात गेला. पण लोकं मले पंक्चरवाला म्हणून नाई वळखत, पंच म्हणून वळखतेत, कबड्डीचा पंच. पयले खेळतच होतो, मंग गुडघा गेला, डॉक्टर म्हणे आता खेळू नका, पण मैदान काई सुटेना, म्हणून पंचाची परीक्षा देली. कापूस घरात आला का आमच्याकडे गावोगावी सामने लागतेत, मंग शिट्टी खिशात टाकून मी फटफटीवर निघो. बायको म्हणे, निर्मला नाव तिचं, का तुमचं लगन माह्यासंग झालं का त्या शिट्टीसंग.

आता काय सांगू तुमाले, एका साली फायनल होती माह्या सासुरवाडीत, अन् टीमही सासुरवाडीचीच, अन् त्यातला सगळ्यात तेज गडी म्हणजे माहा साळा, मनोहर. पोट्टा असा चपळ का मासोळीवानी हातातून सुटे. मी कमेटीले म्हटलं, बाप्पा, मले नका ठेवू, मी गावचा जवाई. थे म्हणे, तुमच्याएवढा सरळ पंच दुसरा नाई. बस, त्या सरळ शब्दानंच घात केला पाहा. त्या दिवशी एका कारखान्याचे साहेब आलते, त्याईले आपल्या टीमसाठी पोट्टे पाह्यजे होते, जिंकनाऱ्या टीममधून निवडणार, नोकरी पक्की.

दोन्ही टीमा बरोबरीवर. शेवटची चढाई मनोहरची. पलीकडच्या तिघाईनं त्याले धरलं, पाय धरले, कंबर धरली, तरी हा पोटावर सरकतच राह्यला, दम तोंडात तसाच, हात लांब केला. आमच्या खेळात मधल्या रेघेले बोट लागलं का गडी सुटला, धरनारे सगळे आऊट. अन् बोट लागलं. मी रेघेवरच उभा होतो, मले दिसलं. पण त्याच घडीले मनात आलं, आता पाइंट देला तं लोकं म्हणतीन जवायानं साळ्याले देला. अन् शिट्टी वाजली अन् हात वर गेला, आऊट.

तो उठला, बोटं पाह्यली, बोटाले रेघेचा चुना. मले दाखवला. मी तोंड फिरवलं. गाव तं अंगावरच आलं माह्या, पण मनोहरच मधात उभा राह्यला, म्हणे पंचाच्या अंगाले कोणी हात लावायचा नाई. साहेब दुसऱ्या टीमचे दोन पोट्टे घेऊन गेले. मनोहर दुसऱ्या दिवसापासून वावरात.

घरी निर्मला भांडली नाई. ताट वाढे, पाणी ठेवे अन् आपल्या कामाले लागे. मी ज्याले त्याले सांगत राह्यलो का डोळ्याची चूक झाली, धूळ होती. आठ दिवसानं ती माह्यासमोर बसली, म्हणे एकच सांगा, तुमाले दिसलं होतं का नाई. मी म्हटलं, दिसलं होतं. ती म्हणे, मंग मले सांगून काय उपेग, त्याले सांगा.

गेलो. मनोहर म्हैस दोहून राह्यला होता. उभ्या उभ्याच सारं सांगून टाकलं, का मी लोकाईले भ्यालो. त्यानं मान वर नाई केली, बालटी भरेपर्यंत दोहत राह्यला. मंग म्हणे,

— भाऊजी, तुमाले खरंच दिसलं नसतं तं तवाच माफ केलं असतं. आता मले टाइम लागन.

दोन वर्ष आला नाई तो आमच्या घरी. राखीले निर्मला एकटी जाये अन् एकटी येये. मीही शिट्टी ठेवून देली, कोणत्या तोंडानं वाजवू.

मंग एक दिवस दुकानासमोर येऊन उभा राह्यला. म्हणे, आपल्या गावचे सामने आहेत, कमेटीत आता मी आहो, पंच तुमीच. मी नाई म्हटलं. तो म्हणे, दुसऱ्याची चूक कधी झाली थे मले माहीत नाई पडणार, तुमची माहीत पडन, तुमी येऊन सांगता, म्हणून तुमीच येजा. गेलो. सामन्याआधी माइक घेतला अन् साऱ्या गावासमोर सांगितलं, मले दिसलं होतं अन् मी खोटा आऊट देला.  मंग माइक ठेवला अन् शिट्टी वाजवली. त्या सामन्यात सासुरवाडीच्या पोट्ट्यानं रेघ शिवली, मी पाइंट देला, मागून कोणीतरी म्हटलंच, जवाई आहे ना. म्हणू देलं.

आता पोराजवळ सिंदी मेघेले राह्यतो, गुडघे पार गेले. नोकरी गेलेली काई परत येत नाई, मनोहरनं म्हशी वाढवल्या, संसार केला, पण टीव्हीवर कबड्डी लागली का त्याची नजर मधल्या रेघेवरच जाते थे मले समजते. दर इतवारी तो दूध घेऊन येते, मी बनवलेला चहा बेकार आहे म्हणते, अन् दोन कप पिते.

मागच्या महिन्यात त्याची पोरगी आली, रेणू. पंचाची परीक्षा पास झाली म्हणे, अन् वाकली पाया पडाले. तिचा बाप दाराशीच उभा होता, निर्मला पदरानं डोळे पुसून राह्यली होती. मी डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, चुका तं होतीन पोरी, माणसाचाच डोळा आहे. पण दिसलं थे सांगजो. सुखी राह्यजो.