तांबडीची अंडी

...नाही, पण मी म्हणते, पुरुषमाणसानं हट्टी असावं, मी कुठे नको म्हणते, पण किती? काही सुमार? आमच्या ह्यांचं तुम्हांला सांगते, एकदा बसले म्हणजे बसले! देव आला तरी उठायचे नाहीत. आणि बसले कुठे? तर अंड्यांवर! हसू नका हो... खरंच, कोंबडीच्या अंड्यांवर!

तुम्ही गिरगावातल्या बायका, तुम्हांला वाटतं कोकणात थंडी कसली? पण गोवा मोकळा झाला ना, त्या पौषात आमच्या तोंडवलीला असं गारठलं, असं गारठलं, की खोबरेल तेल बाटलीत थिजून पांढरा दगड! आमच्या घरात बर्फ तो तेवढाच. लेक बाटली उलटी धरून हलवतेय, केसांना लावायला थेंब नाही, बाहेर धुकं इतकं की अंगणातली विहीर दिसेना, समुद्र नुसता ऐकू येतोय... आणि त्या धुक्यातनं आला मेला कोल्हा, आणि दाणे टिपायला उतरलेली माझी तांबडी घेऊन गेला!

आता तुम्ही म्हणाल, कोंबडी ती, गेली तर गेली. गेली तर गेली काय? माझी आई गणपतीनंतर गेली. शिरोड्याला तिच्या घरातनं मी ना भांडं आणलं ना लुगडं. भावजयांना म्हटलं, सगळं तुम्हीच घ्या, मला आईची तांबडी तेवढी द्या. बोडक्या मानेची, दिसायला अगदी ध्यान, पण आईच्या हातचे दाणे खाल्लेली! ती खुडूक होऊन उबवायला बसलेली, अंडी आज-उद्या फुटायची, कानाला लावलं तर आतून टकटक ऐकू यायला लागलेली... आणि टोपलीत हात घालते तर अंडी निवत चाललेली. रडले नाही, हां! रडायला वेळ कुठे होता?

वाडीभर धावले, एक खुडूक कोंबडी कुणाकडे असेल तर शपथ! सासूबाई म्हणतात, "चुलीकडे ठेव गो टोपली." ठेवली. तर आमची भागू मांजर टोपलीच्या काठावर दोन्ही पाय टेकून आत बघतेय, कुठल्यापासून सुरुवात करू म्हणून! तेवढ्यात हे उठले. होडीवरचा माणूस, बोलणं मोजकं... टोपली उचलली, भिंतीला पाठ लावली, अंडी उघड्या पोटाशी धरली, भोवती माझं जुनं लुगडं, वरून घोंगडी, आणि म्हणाले, "मी बसतंय."

सासूबाई किंचाळल्याच! "सहदेवा, मेल्या, उठ! अंड्यांर कोंबडी बसता, बापयो नाय! लोक काय म्हणतले?"

"लोकांका म्हणांदे."

झालं! एकदा बसले म्हणजे बसले!

आणि अशा थंडीत घरात एक उबदार जागा झाली म्हटल्यावर काय हो! कुत्रा आला, पायांवर आडवा झाला. शेळीचं करडू आलं, त्यानं काखेत डोकं खुपसलं. भागू खांद्यावर चढून अंड्यांकडे डोळा लावून बसली, आणि आमची पोरं घोंगडीची टोकं ओढतायत! ह्यांच्या नाकाला खाज सुटली, हात मोकळा नाही... "गो... गो... नाक!" तव्यावरची भाकरी टाकून मी नाक खाजवायला!

इतक्यात किनाऱ्यावरनं आरोळी आली, रापण! तुम्हांला रापण कुठली ठाऊक? लांबलचक जाळं होडीनं समुद्रात टाकून येतात, आणि मग गाव वाळूत उभा राहून दोर ओढतो. दोराला हात लागला त्याला माशांचा वाटा. नाही लागला तर नाही, मग तो कोणी का असेना! तर रापणीचे मुखत्यार दाजी तांडेल धापा टाकत दारात, "सहदेवा! बांगडो गावलो रे, जाळां फाटाची पाळी! चल!" आणि घोंगडी बघितली. "ह्यां काय रे? ताप इलो?"

"नाय. अंडी उबवतंय."

दाजी म्हणाले, "दोराक हात लागलो नाय तर वाटो नाय, ठावक आसा मा?"

"ठावक आसा."

मी म्हटलं, अहो जा, मी बसते, पावसाळ्यापुरती सुकी मासळी होईल घरात! तर मला म्हणतात, "आता हलवली तर निवतली. तुज्या आवशीची आसत ती. तू बोलू नको."

तुझ्या आईची आहेत... एवढं बोलले आणि बाई, मी चुलीत तोंड घालून रडले. धूर होता म्हणून बरं!

मग काय, सगळी वाडी बांगड्याच्या पाट्या घेऊन आमच्या दारावरनं गेली. जो तो वाकून बघतोय, "सहदेव खुडूक झालो रे!" घराघरातनं बांगडे भाजल्याचा वास, आणि आमच्याकडे पेज नि लोणच्याची फोड! पण हे उठले? नाव नको. एकदा बसले म्हणजे बसले!

दिवेलागणीला ह्यांचा चेहराच बदलला. "हलता."

"काय हलता?"

"पोटाक चोच लागता गो!"

एक बाहेर आलं, मग दुसरं, मग तिसरं... ओली, चिंब, थरथरणारी, आणि पहिल्याचीच मान बोडकी! अगदी माझ्या आईसारखी... म्हणजे, आईच्या तांबडीसारखी हो! मी त्याला गालाशी धरलं, आणि मग मात्र उघड रडले, धूर नसताना.

आणि हे उठायला गेले, तर कमरच धरलेली! उठता येईना, बसता येईना. सासूबाईंनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा पिल्लांकडे, पदर खोचला आणि माझ्यावर ओरडल्या, "गो, बघतंस काय? बाळंतिणीक मेथीची पेज घाल!"

आणि हे घोंगडीतनं म्हणतात, "तूप जरा जास्त."

माझी तीन बाळंतपणं झाली हो! पाळणा टांगायच्या आधी मी विहिरीवर घागर घेऊन उभी. आणि ह्यांनी कमर सुटेपर्यंत अंथरुणात बसून मेथीची पेज खाल्ली... आणि मी मेली, ती फुंकर घालून घालून भरवली!