मीठ घालू का, विचारून सांगतो

आजोबा आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे आत गेले आणि बाहेर बाकावर आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शेजारी टोपलीत मांजर घेतलेली एक मुलगी होती. पलीकडे पोपटाचा पिंजरा घेऊन बसलेल्या मास्तरांनी वर्तमानपत्र वर धरलं, पण वाचलं अक्षरही नाही.

"आजी, तुमचा कुत्रा काय तुकतुकीत आहे हो! काय घालता खायला?"

"मी कुठली घालतेय? पातेल्याला हात लावू देत नाहीत. सगळं हे करतात."

"आजोबा?"

"अगं, ज्या माणसाला जन्मात चहा उकळता आला नाही, तो उठल्या उठल्या भोपळा किसतो!"

"मी तर हिला नुसतं चिकन उकडून घालते."

"हेही तेच घालायचे. कुत्रा लंगडायला लागला. डॉक्टरांनी काय झापलं म्हणून सांगू! नुसत्या मांसावर हाडं पोसत नाहीत. आता चिकन, कलेजी, भात, भोपळा, सगळं तोलून. वर अंड्याच्या टरफलाची पूड, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. कांदा नाही, मीठ नाही."

"मग हिचंही आज विचारतेच. पण कौतुक आहे हं आजोबांचं!"

"कौतुक कसलं? मला ताप आला, तर त्यातलंच वाटीभर पुढे ठेवलं."

"अय्या! कुत्र्याचं?"

"दुसरं येतंय काय त्यांना? म्हटलं, निदान मीठ तरी घाला. तर म्हणाले, थांब, डॉक्टरांना विचारून सांगतो."

"कुठल्या डॉक्टरांना?"

"ह्यांनाच!"

"मग हो?"

"मग काय, खाल्लं. वर आणखी मागून घेतलं. गप, आले बघ. बोलू नकोस हं त्यांच्यासमोर, डोक्यावर बसतील."