खुराड्याला लावलेली कुलपं

नाही, पण मला एक सांगा, ते आत शिरत होतं कुठून? दाराला कुलूप, खिडकीला कुलूप, अंडी काढायच्या झाकणाला कुलूप, आणि कुलपं कुणाची, तर माझी! तुम्हाला सांगतो, या गल्लीत कुणाची किल्ली हरवू दे, कपाट अडकू दे, कुणाचं पोर आतून कडी लावून रडत बसू दे, माणसं धावत येतात ती माझ्याकडे. आणि माझ्याच परसात, माझ्याच खुराड्यातून सकाळी कोंबडी गायब. जाळी शाबूत, कुलूप शाबूत, बाहेर एक पीस पडलेलं नाही. कोंबडी गेल्याचं वाईट वाटतंच हो, पण आयुष्यभर कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला चोर आला कसा हेच कळू नये?

कोंबड्या तशा बायकोच्या. म्हणजे आणल्या तिनं, लाडावल्या तिनं, खुराडं बांधलं मी. आणि बांधलं म्हणजे कसं, पत्रा उन्हानं तापतो, बिचाऱ्या भाजून निघतील, म्हणून पत्र्याखाली फळ्यांचं छत ठोकलं आणि मधल्या पोकळीत वाळलेलं गवत भरलं. बायको बघत उभी. म्हणाली, “अहो, आपल्या झोपायच्या खोलीचं पण असं काही करता येईल का बघा.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तर सुरुवातीला नुसती अंडी जायची. कधी एखादं, कधी नाही. तेव्हा दाराला साधी कडी होती आणि खाली चांगली फट होती, त्यामुळे मी म्हटलं, असेल काहीतरी, येतं आणि जातं. फट बुजवली, कडी काढून कुलूप लावलं. आणि कुलूप लावल्यावर काय झालं? अंडी तर गेलीच, वर एक कोंबडी गेली! मी आणखी भारी कुलूप लावलं, जाळीवर दुसरी जाळी ठोकली. आणखी एक कोंबडी गेली. म्हणजे बघा, बंदोबस्त वाढतोय तशी चोरी वाढतेय. असं कुठं असतं का? दार बंद, फट बंद... मग शिरतंय कुठून?

सल्ले देणाऱ्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. सासरे आले, खुराड्याभोवती हात मागे बांधून फिरले, दोनदा घसा खाकरला आणि सावकाश म्हणाले, “कोल्हा... आहे... हा.” बरं, कोल्हा तर कोल्हा, पण कोल्ह्याला किल्ली कुणी दिली? शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, मुंगूस. आता त्यांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ओठ न हलवता बोलतात, आणि अशा बोलण्याला का कोण जाणे, एक वजन येतं. मी मुंगसाच्या मागे लागलो. बिळं शोधली, बुजवली, सगळीकडून जमीन ठोकून पाहिली. एक भोक सापडलं, ते उंदराचं निघालं, आणि त्यालाही उगाच बेघर केलं.

मग मी पीठ घेतलं. तुम्ही हसताय, पण नीट ऐका. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की कुलूप लावायचं आणि खुराड्याभोवती चाळणीनं पीठ पेरायचं. जे येईल त्याचं पाऊल उमटेल, पावलावरून वाट कळेल. सकाळी बघतो तर पीठ कोरं करकरीत, आणि आत कोंबडी कमी! पाऊल एकच, चपलेचं, नऊ नंबरचं, माझं. बायकोनं त्या पिठाकडे बघितलं आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

खरं सांगू? तोवर कोंबड्यांपेक्षा मला त्या चोराचंच जास्त कुतूहल वाटायला लागलं होतं. दुकानात गिऱ्हाईक बोलतंय आणि मी कानस घासता घासता मनात खुराड्याला प्रदक्षिणा घालतोय. वरून? पत्रा खिळलेला. खालून? दगड. मग कुठून?

त्यात बायको नाक वर करून म्हणाली, खुराड्यात भात शिजल्यासारखा वास येतो. मी म्हटलं, तुला भूक लागली असेल. ती म्हणाली, “मला भूक लागली की मी जेवते, खुराडं हुंगत नाही.”

आणि अशातच आमची मोठीबाई खुडूक झाली. मोठीबाई म्हणजे सगळ्यात जुनी कोंबडी, लठ्ठ, तांबडी, एका पायानं किंचित लंगडी. अंड्यांवर बसली ती बसलीच, दाणे टाकायला गेलं तरी उठेना. बायकोनं मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, “हिला काही झालं ना, तर उरलेल्या सगळ्या मी ताईकडे पाठवून देणार. मला रोज सकाळी भीत भीत दार उघडायचं नाही.” हे लागलं मला. तुम्हाला सांगतो, कोंबड्या तिच्या, तिच्या, असं मी म्हणतो, पण सकाळी दार उघडल्यावर त्या माझ्याच पायांतून धावत सुटतात, त्याची सवय झालीय. लळाच लागलाय, लपवायचं काय त्यात.

म्हटलं, आता एकच उपाय. आपणच आत बसायचं. आतून बघायचं ते शिरतं कुठून. बायकोला म्हटलं, मला आत घाल आणि बाहेरून रोजच्यासारखं कुलूप लाव, म्हणजे चोराला संशय येणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं कुठलंच म्हणणं तिनं इतक्या झटकन ऐकलं नव्हतं! खट्. किल्ली पदराला बांधून ती ओट्यावर जाऊन बसली.

मी पालथ्या टोपलीवर. दिवेलागणीची वेळ. समोर दांडीवर कोंबड्या ओळीनं बसून माझ्याकडे बघतायत, परीक्षेला बसवल्यासारख्या. कोपऱ्यात मोठीबाई अंड्यांवर. मी डोळे लावलेत दाराकडे, जाळीकडे, खिडकीकडे... आणि माझ्या डोक्यावर गवताची काडी पडली. झटकली. आणखी एक पडली. आणि भाताचा वास आला हो, खरंच, आत्ता झाकण काढल्यासारखा! वर बघतो तर छताच्या कोपऱ्यात एक फळी आखूड पडली होती, तिथून एक तोंड खाली लोंबतंय. डोळ्यांवर काळा पट्टा, ओले मणी असावेत तसे डोळे. उदमांजर! त्याच्या अंगालाच तो भाताचा वास!

ते आत शिरतच नव्हतं. ते आतच राहत होतं! गवताची गादी अंथरून मीच वर बिऱ्हाड थाटून दिलेलं. आधी बिचारं फटीतून रात्री बाहेर जायचं, इकडेतिकडे फळंबिळं खायचं, जाता जाता एखादं अंडं. आणि मी काय केलं? फट बुजवली, कुलूप लावलं, रोज संध्याकाळी त्याला कोंबड्यांबरोबर आत कोंडलं. मग खाईल काय ते? माझी कुलपं? सगळीकडून शोधलं मी, पण बाहेरून. कुलूपवाला ना, दार बघायचं ते बाहेरून, दुसरं सुचतच नाही!

मी हळूच म्हटलं, “अगं, दार उघड.” ओट्यावरून उत्तर आलं, “आधी बघा कुठून शिरतं ते.” म्हटलं, “बघितलं, बाई, उघड.” ती बॅटरी घेऊन आत आली, टोपलीवर चढली, फटीतून प्रकाश टाकला आणि कितीतरी वेळ खाली उतरेचना. मला वाटलं, संपलं आता, काठी मागणार. तर एवढ्याशा आवाजात म्हणाली, “अहो, लेकुरवाळी आहे ती. डोळेसुद्धा उघडले नाहीत पिल्लांचे.”

झालं. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला हलवायचं नाही. मी विचारलं, आणि कोंबड्या? तिनं माझ्या दुकानाकडे बघितलं.

तेव्हापासून संध्याकाळी मी खुराड्याचं कुलूप काढतो, आतल्या बाई फिरायला जातात, पहाटे परत येतात, आणि मग कुत्री शिरू नयेत म्हणून मी उठून पुन्हा कुलूप लावतो. कोंबड्या सगळ्या दुकानात, कानशींवर, पान्ह्यांवर, वजनकाट्यावर. मोठीबाईनं कोऱ्या किल्ल्यांचा खण पसंत केला, बायकोनं अंडी आणून तिच्याखाली सरकवली. बसलीय, छान आहे तब्येत. आता तुमच्यासारखं कुणी येतं, दाराबाहेर ताटकळतं, विचारतं, काका, घराबाहेर अडकलोय, किल्ली कधी मिळेल? मी काय सांगणार? सांगतो... ती उठली की.