उमरठच्या पत्रिका आणि कुवेतचा मेसेज

माझ्या पोलादपूरच्या झेरॉक्सच्या दुकानातली गंमत ऐका. अपडेटनंतर लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रिंटर गप्प झाला आणि लग्नपत्रिकांसाठी जवळच्या उमरठ गावचे नवरीचे वडील समोर ठाण मांडून बसलेले. लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर एररचा फोटो टाकला. कुवेतच्या कुणीतरी इंग्रजीत दोन कमांड दिल्या. त्या चालवल्या आणि पत्रिका धडाधड बाहेर पडल्या! मी थँक्यू लिहिलं, तर त्याचा मराठीत मेसेज आला.

"फोटोत फाइलच्या नावात उमरठ दिसतंय. पोलादपूरजवळचं आपलंच काय रे?"

"हो!"

"मंग एक काम कर. आमची आय तिथंच हाय, फोन उचलत नाय. सायलेंटवर पडला असंल, बघ जरा."

पत्ता विचारून आयच्या घरी गेलो, फोनचा आवाज वाढवला, त्याला कळवलं आणि लगेच फोन वाजला.

आय म्हणाली, "इतके दिस पोरगा फोनच करत नव्हता. तू काय जादू केलीस रे?"