पन्नासावी लढत आणि सासूबाईंचा डोळा

...नाही, पण तुम्हीच सांगा, खेळ संपला की संपायला नको? दुष्टांचा सरदार शरण आला, झाडाझुडपांतले राक्षस पकडून झाले, खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावरून सरकत गेली, वाजंत्री वाजली! माणूस काय करतो? बंद करतो आणि जेवायला बसतो! पण तुम्हाला सांगतो, या राक्षस पकडायच्या गेममध्ये सगळं संपल्यावर एक मनोरा उघडतो. आपले तीनच राक्षस घेऊन आत जायचं, औषधपाणी बाहेर ठेवायचं, बाहेर त्यांना कितीही खाऊपिऊ घालून वाढवलं असलं तरी आत सगळ्यांना एकाच मापात बसवतात, आणि मग लढत बसायचं. सलग पन्नास जिंकलात तर सोन्याची ढाल. आणि एक हरलात? एकोणपन्नास जिंकून एकच हरलात? दारातली ती बाई गोड हसून म्हणते, "आपले सलग विजय, शून्य." पुन्हा पहिल्यापासून!

तुम्हाला वाटेल हे वेड माझं. छे हो! मी फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, संध्याकाळी पाठ टेकायला मिळाली तरी पुष्कळ. हे वेड आमच्या सासूबाईंचं! गुडघे धरले म्हणून बायकोनं बसल्या जागी विरंगुळा म्हणून हा हातात धरायचा गेम आणून दिला आणि विरंगुळ्यानं घर ताब्यात घेतलं. त्यांच्या राक्षसांची नावं ऐका, फुंकणी, सुस्तराव आणि ढेकळ्या. ढेकळ्या म्हणजे मातीचा गोळा, त्याला दोन डोळे, बाकी काही नाही. पण जीव किती! मी दमून घरात पाऊल टाकतो, तर पाणी राहिलं बाजूला, "जावईबापू, माझा ढेकळ्या आज फार थकला हो!" अहो, आणि मी? मी काय दिवसभर झोपाळ्यावर बसलो होतो?

बरं, त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर कधीपासून म्हणतायत ऑपरेशन करा, आणि यांचं आपलं एकच, "पन्नास होऊ देत, मग." मग हरायच्या. पुन्हा पहिल्यापासून! डोळा पिकत चालला आणि ढाल काही मिळेना. शेवटी बायकोनं परस्पर ऑपरेशनची तारीखच घेऊन टाकली, पण सुट्टी टाकायची ठरवली तर तिला ऑफिसातून सोडेनात, म्हणून आईंना घेऊन गेलं कोण? बरोबर. मी.

दवाखान्यात बाकावर बसलो, तर सासूबाईंनी पिशवीतून गेम काढला. एकोणपन्नास झाले होते हो! "नंबर यायला वेळ आहे, एवढी एक उरकून घेते." आणि सुरू केली पन्नासावी! तेवढ्यात सिस्टर आल्या आणि डोळ्यात थेंब टाकून गेल्या. थेंबांनी बाहुली मोठी होते, जवळचं सगळं धूसर. सासूबाई म्हणतात, "अगंबाई, ढेकळ्या कुठे गेला?" आणि आतून बोलावणं! तो गेम माझ्या हातात कोंबला आणि जाता जाता म्हणाल्या, "बंद करू नका! मध्ये बंद केलं की हार धरतात!"

आता मी काय करावं? बॅटरी लाल. चार्जर घरी. मी आपला तो गेम बाळ मांडीवर घेतल्यासारखा धरून बसलो. पाच मिनिटांत सिस्टर बाहेर. "अहो, आजींचं बीपी भलतंच वर गेलंय. त्या विचारतायत, समोर कोण आहे?"

"पंख आहेत," मी म्हटलं, "नाक नाही, आणि भयंकर रागात आहे."

सिस्टर आत, सिस्टर बाहेर. "आजी म्हणतात वर्णन नको, रंग सांगा."

"निळा!"

आत, बाहेर. "सुस्तरावाला पुढे करा आणि झोपू द्या."

"लढाईत झोपू द्या?"

"मला काय विचारता? झोपू द्या म्हणतायत!"

झोपवला. झोपेत त्याची तब्येत सुधारते म्हणे... मीही करून पाहीन म्हणतो कधीतरी, घरात कोणी झोपू दिलं तर! एव्हाना बाकावरचे सगळे माझ्याभोवती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले काका उरलेल्या डोळ्यानं पडद्यात घुसून, "हाणा! सोडू नका त्याला!" आणि दार उघडून खुद्द डॉक्टर! "काय चाललंय इथे? बीपी उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, आणि त्या मला ढेकळ्याची तब्येत विचारतायत! हा ढेकळ्या कोण? नातू का?"

"नातवासारखाच," मी म्हटलं.

"मग त्याला काय व्हायचं ते पटकन होऊ द्या!"

फुंकणी पडली. सुस्तराव पडला. उरला एकटा ढेकळ्या, आणि समोरही एकच. काका म्हणाले डावीकडचं बटण, आतून निरोप आला उजवीकडचं, मी आईंचं ऐकलं... आणि धाडकन समोरचा आडवा! काकांनी मला मिठी मारली! सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या!

आणि पडदा पांढरा पडला. कोरा. हलेना, डुलेना, आवाज नाही. मी वाट पाहिली, पाहिली... आणि तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी एकच धंदा करतोय. यंत्र अडकलं की हात आपसूक कुठे जातो? बंद करायचं, थोडं थांबायचं, चालू करायचं. निम्मे फ्रीज असेच दुरुस्त होतात! बोट दाबलं गेल्यावर माझं खाली लक्ष गेलं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, "ढाल नोंदवली जात आहे, कृपया बंद करू नका."

चालू केलं. दारातली बाई. गोड हसली. "आपण मध्येच निघून गेलात. आपले सलग विजय, शून्य."

तेवढ्यात सिस्टर. "आजी विचारतायत, काय झालं?" आता सांगा, मी काय म्हणणार? म्हटलं, "जिंकलो." खोटं होतं का? जिंकलो तर होतोच! आणि बीपी सरसर खाली, ऑपरेशन झकास.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. पहिलं काय केलं असेल? गेम मागितला! हात लांब करून, नव्या डोळ्यानं, स्वच्छ वाचलं, "शून्य."

मी म्हटलं, "आई, चुकलो हो. पाया पडतो."

तर शांत! म्हणाल्या, "मला कालच कळलं होतं. सिस्टरला विचारलं, जिंकलो म्हणाले तेव्हा चेहरा कसा होता? म्हणाली, घामाघूम. म्हटलं, घालवली जावयानं."

"मग बीपी कसं उतरलं?"

"अहो, गेलीच म्हटल्यावर काळजी कशाची उरली? कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं मला!"

माझे तर डोळेच भरून आले. असं मोठं मन! पण थांबा, पुढे ऐका. "मला आता काही दिवस डोळ्याला ताण द्यायचा नाहीये," म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही घालवलीत, तुम्हीच आणा." झालं! रोज कामावरून आलो की मी बटणं दाबतो, त्या काळा चष्मा लावून शेजारी, "झोपू द्या त्याला, जावईबापू, झोपू द्या!" हरलो की चहासुद्धा गार मिळतो. पुन्हा पहिल्यापासून!

आणि गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, तारीख कधीची देऊ? सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "यांचे पन्नास होऊ देत, मग."

आता डॉक्टर रोज मलाच फोन करतात. काय सांगू त्यांना? काल सत्तेचाळीसपर्यंत पोचलो होतो हो... सुस्तराव झोपला, तो उठलाच नाही.